झाडपाला, जंतू आणि जात

भारतीय वैद्यकाचा इतिहास आपल्याला ऋषींच्या नावांनी सांगितला जातो. आत्रेयाने सांगितले, अग्निवेशाने ग्रथित केले, चरकाने संस्कार केले. तिकडे धन्वंतरीने सुश्रुताला उपदेश केला. पाठ्यपुस्तकातला हा वंशवृक्ष वाचताना एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही. आश्रमात बसलेल्या ऋषीला रानातले झाड कोणी दाखवले? कोणत्या झाडाची साल उगाळली की हगवण थांबते, कोणत्या पानाचा रस जखमेवर पिळला की ती चिघळत नाही, हे प्रथम कोणाच्या अंगावर, कोणाच्या जखमेवर ठरले?

याचे उत्तर खुद्द या ग्रंथांतच आहे. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की, वनस्पतींची नावे आणि रूपे शेळ्या राखणारे, मेंढपाळ, गुराखी आणि वनवासी यांना ठाऊक असतात. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला छत्तिसावा अध्याय याच्याही पुढे जातो. गुराखी, तापस, व्याध, इतर वनचर आणि कंदमुळांवर जगणारे लोक यांच्याकडून औषधी ओळखून घ्यावी, असे तो वैद्याला सांगतो. येथे ‘व्याध’ हा शब्द ध्यानात ठेवावा. व्याध म्हणजे शिकारी.

आता त्याच सुश्रुतसंहितेचा, त्याच सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय उघडावा. शिष्याला दीक्षा देताना गुरू सांगतो की व्याध, पक्षी पकडणारे, पतित आणि पापकर्मी यांच्यावर उपचार करू नयेत. म्हणजे औषध ओळखायला व्याध हवा, पण व्याधाला ताप आला तर त्याच्यासाठी औषध नाही! हा ग्रंथ एका हातचा नाही, त्यावर शतकानुशतके थर चढले आहेत, असे कोणी म्हणेल. ते मान्य. पण दोन्ही विधाने एकाच पोथीत राहिली, पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाली आणि कोणालाही त्यांतली विसंगती खुपली नाही. आपल्या दृष्टीने इतिहास येथूनच सुरू होतो.

औषधी वनस्पती आणि रोगजंतू यांचा विचार करताना म्हणून तीन प्रश्न वेगवेगळे ठेवले पाहिजेत. ज्ञान कोणाचे होते? नाव कोणाचे लागले? आणि उपचार कोणाला मिळाला?

१

मिरजगाव हे कर्जत तालुक्यातले, नगर-सोलापूर रस्त्यावरचे गाव. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा हा दक्षिणेकडचा, पावसाने कायम तोंड फिरवलेला भाग. सह्याद्रीतली दाट राने येथे नाहीत. येथे आहेत बाभूळ, कडुनिंब, करंज, तरवड, रुई आणि बांधाबांधावर पसरलेली एकदांडी. या भागातल्या कोणत्याही खुरपणाऱ्या बाईला विचारा. विळा बोटाला लागला तर ती दवाखाना शोधत नाही. एकदांडीचा पाला दोन तळहातांत चोळते, रस जखमेवर पिळते, वर चिंधी बांधते आणि पुन्हा पातीला लागते. कोणी या वनस्पतीला दगडीपाला म्हणते, कोणी कंबरमोडी. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स.

या एकदांडीची गोष्ट विचार करायला लावणारी आहे. ती मुळात या देशातली नाही. तिचे मूळ घर अमेरिका खंडात, मेक्सिकोच्या बाजूला आहे. म्हणजे कोलंबसाच्या आधी ती आपल्या बांधावर असणे शक्य नव्हते. चरकाने ती पाहिली नाही, सुश्रुताने पाहिली नाही. कोणत्याही संहितेत तिचा जखमेवरचा उपयोग असू शकत नाही. तरीही आज ती महाराष्ट्रातल्या शेतमजुरांचे पहिले औषध आहे. मग हे कोणी शोधले? ज्यांच्या हाताला रोज विळा लागत होता त्यांनी. एक परके तण शेतात आले, त्यांनी ते चोळून पाहिले, जखम लवकर सुकते असे पाहिले, शेजारणीला सांगितले. पुढे प्रयोगशाळांत या पाल्याचे अर्क काही जंतूंची वाढ रोखतात आणि प्राण्यांवरील प्रयोगांत जखम भरून येण्यास मदत करतात, असे दिसून आले. पण मूळ प्रयोग झाला तो बांधावर, आणि तो करणारीला लिहिता येत नव्हते.

‘परंपरा’ म्हटले की आपल्याकडे लगेच वेदकाळ गाठला जातो. एकदांडी सांगते की परंपरा ही कष्टकऱ्यांनी काल-परवापर्यंत चालवलेली शोधाची गोष्ट आहे. तिला पोथीची गरज पडली नाही.

मात्र या ज्ञानाची पूजा बांधण्याचेही कारण नाही. हे ज्ञान हौसेतून आले नव्हते. वैद्य वस्तीत येत नव्हता, डॉक्टर परवडत नव्हता, म्हणून बांधावरचा पाला जवळ करावा लागला. सीताफळाच्या बिया वाटून उवांसाठी डोक्याला लावतात. त्याने उवा मरतात हे खरे, पण ते डोळ्यात गेले तर डोळ्याला गंभीर इजा होते. आमच्या घरात पहिली पदवी माझी. माझी आजी सुईण होती. तिच्या हाताला गुण होता असे सगळी वस्ती म्हणे. पण विळ्याने नाळ कापल्यावर बाळाला होणारा धनुर्वात तिच्या कोणत्याही पाल्याने थांबत नव्हता. धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे तग धरतात आणि त्याचे विष मज्जासंस्था पकडते. तो थांबला लसीने, स्वच्छ पात्याने आणि दवाखान्यातल्या बाळंतपणाने. माता व नवजातांचा धनुर्वात भारतात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपुष्टात आल्याचे २०१५ साली प्रमाणित झाले. आजीचा अनुभव खरा होता आणि लसही खरी. यांपैकी एक नाकारून दुसरे सिद्ध होत नाही.

२

आता दुसरा प्रश्न: नाव कोणाचे लागले?

सतराव्या शतकात कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर एक प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. ‘हॉर्टस मलबारिकस’ या नावाने तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला. त्यातली वनस्पतींची माहिती मुख्यतः ज्याने पुरवली तो इट्टी अच्युतन हा एळवा जातीचा वैद्य होता. एळवा म्हणजे त्या काळच्या केरळात सवर्णांनी अंतरावर ठेवलेली जात. त्याचे २० एप्रिल १६७५ चे प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. त्याच खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या तीन कोंकणी ब्राह्मणांचेही प्रमाणपत्र आहे, तेही नागरी लिपीत. परक्या डच माणसाने दोघांनाही एका ग्रंथात शेजारी बसवले. स्वदेशी व्यवस्थेत हे घडले नसते. तरीही ग्रंथ ओळखला जातो तो व्हान ऱ्हीडच्या नावाने. इट्टी अच्युतनचे नाव नव्याने चर्चेत येण्यासाठी विसाव्या शतकात के. एस. मणिलाल यांच्यासारख्या वनस्पतिशास्त्रज्ञाला आयुष्य खर्ची घालावे लागले.

मुंबईकडे यावे. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. तेथे वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. सखाराम अर्जुन यांनी १८७९ साली मुंबई इलाख्यातल्या औषधी द्रव्यांची सूची प्रसिद्ध केली. ते सुतार जातीचे. त्यांनी एका विधवेशी विवाह केला आणि तिच्या मुलीला, रखमाबाईला, वाढवले. हीच रखमाबाई बालविवाहाच्या खटल्यात तुरुंगवास पत्करायला तयार झाली आणि १८९४ साली लंडनहून डॉक्टर होऊन आली. रखमाबाईच्या खटल्यामुळे सखाराम अर्जुनांचे नाव थोडे तरी घेतले जाते. बाजारातली मुळे, साली आणि बिया तपासून त्यांची शास्त्रीय नोंद करणारा, हाताने काम करणाऱ्या जातीतून आलेला शास्त्रज्ञ म्हणून ते आपल्या विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही.

तिसरे उदाहरण समुद्रापलीकडचे आहे, पण ते आपलेच आहे. महारोग, म्हणजे कुष्ठरोग. त्याचा जंतू हान्सेनने १८७३ साली दाखवून दिला. त्याआधी आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे या रोगावर आशियात वापरात असलेले मुख्य औषध म्हणजे चौलमुग्राचे तेल. त्याच कुळातले आपल्या पश्चिम घाटातले झाड म्हणजे कडू कवठ. हे तेल पोटात घेतले तर उलट्या होत. टोचले तर कातडीखाली त्याच्या गाठी होत. १९१५-१६ च्या सुमारास हवाई बेटावर ॲलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने या तेलातल्या आम्लांपासून रक्तात सहज मिसळणारे इथाइल एस्टर तयार केले. ते टोचता येऊ लागले. १९१६ च्या अखेरीस, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी ती वारली. तिच्या कॉलेजच्या अध्यक्षाने पुढे ते काम तिचे नाव न घेता प्रसिद्ध केले. १९२२ साली एका सहकारी डॉक्टरने तिचे श्रेय छापून सांगितले. विद्यापीठाने तिच्या नावाची पाटी लावली ती २००० साली. हे औषध रोग मुळापासून बरा करत नसे, हेही सांगितले पाहिजे. पण १९४० च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत महारोग्यांच्या हाताशी तेवढेच होते.

इट्टी अच्युतन, सखाराम अर्जुन, ॲलिस बॉल. तीन देशकाल, पण गोष्ट एक. ज्याच्या हातात झाड असते, त्याच्या हातात छापखाना नसतो.

३

झाडपाल्यात खरोखर जंतू मारण्याची ताकद असते काय? असते, आणि त्याचे कारण दैवी नाही. झाड पळू शकत नाही. बुरशी, बॅक्टेरिया, कीड यांच्याशी त्याला उभ्या जागी लढावे लागते. म्हणून ते आपल्या सालीत, मुळात, पानात कडू आणि विषारी रसायने साठवते. आपण जिला औषध म्हणतो ती मुळात झाडाची स्वतःची शस्त्रे आहेत. सिंकोनाच्या सालीतले क्विनीन १८२० साली फ्रान्समध्ये वेगळे केले गेले आणि हिवतापावर ठोस औषध मिळाले. सह्याद्रीतल्या पांढऱ्या कुड्याच्या सालीत कोनेसीन असते. आमांशावर कुड्याची साल देण्याची चाल त्यामुळे निराधार ठरत नाही. दारुहळदीत बर्बेरीन असते.

बर्बेरीनचीच गोष्ट पाहा. बॅक्टेरिया आपल्या पेशीत शिरलेले विष पंपासारख्या प्रथिनाने बाहेर फेकतात. बर्बेरीनही असेच बाहेर फेकले जाते, म्हणून एकटे ते दुबळे पडते. २००० साली अमेरिकन संशोधकांनी दाखवले की दारुहळदीच्या जातीची झाडे आणखी एक द्रव्य तयार करतात. ते स्वतः जंतूला मारत नाही, पण त्याचा पंप बंद पाडते. मग बर्बेरीन आत साठते आणि काम करते. आज प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू दवाखान्यांत ठाण मांडून बसले आहेत. अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी आणि ऊठसूट टोचलेल्या सुयांनी ते आपणच पोसले आहेत. अशा काळात झाडाची ही युक्ती अभ्यासण्यासारखी आहे.

पण ‘जुने ते सोने’ म्हणणाऱ्यांनी चीनच्या तू यूयू यांचे काम नीट पाहावे. हिवतापावरच्या औषधासाठी त्यांच्या गटाने सुमारे २००० जुन्या कृती गोळा केल्या आणि सुमारे २०० वनस्पतींचे ३८० हून अधिक अर्क तपासले. बहुतेक निकामी ठरले. चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात झाड उकळण्याऐवजी पाण्यात भिजवून पिळायला सांगितले होते. त्यावरून त्यांना सुचले की उष्णतेने गुण नष्ट होत असावा. त्यांनी कमी तापमानाला उकळणारा ईथर वापरला, १९७१-७२ साली परिणामकारक अर्क मिळाला आणि त्यातून आर्टेमिसिनीन हाती आले. २०१५ साली त्यांना नोबेल मिळाले. त्यांच्याकडे ना डॉक्टरेट होती, ना परदेशातले शिक्षण. त्यांनी परंपरेला नमस्कार केला नाही आणि हाकलूनही दिले नाही. तिची उलटतपासणी केली. धर्मग्रंथाबाबत आपण जे म्हणतो तेच औषधीग्रंथाबाबतही म्हटले पाहिजे: तपासा, टिकेल ते ठेवा.

येथे एक राजकारणही ओळखायला हवे. गरिबाने मुळाकडे परतावे, झाडपाला घ्यावा, असा उपदेश करणारे स्वतः आजारी पडले की शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जातात. क्षयाच्या रोग्याला मुळी देऊन बसवून ठेवणे म्हणजे त्याला मारणे आहे. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. ती पूर्ण मुदतीची घेणे याला पर्याय नाही.

४

तिसरा प्रश्न सर्वांत जुना आणि सर्वांत क्रूर आहे: उपचार कोणाला मिळाला?

सप्टेंबर १९२८ मध्ये फ्लेमिंगने पेनिसिलीन पाहिले. १९२९ साली त्याचा शोधनिबंध छापला गेला. त्याच वर्षी, १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र आले. बाबासाहेबांनी ते आपल्या आठवणींच्या लेखनात नोंदवून ठेवले आहे. त्याची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. नगरशेटने दोन रुपये फीची हमी घेतली, तेव्हा तो आला, पण बाळंतिणीला वस्तीबाहेर आणावे या अटीवर. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. आणि त्याच वाटेने ते परत गेले. निदान न्यूमोनियाचे. ती बाई वारली. त्या दिवशी पेनिसिलीन त्याच्या पेटीत असते, तरी ते तिच्यापर्यंत कसे पोहोचणार होते? जंतू शिवाशीव पाळत नाही. डॉक्टर पाळत होता.

याच्या समोर दुसरे चित्र ठेवावे. १८९७ साली पुण्यात प्लेग आला. सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर झालेल्या यशवंतरावांसह हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातला गायकवाडांचा प्लेग झालेला मुलगा त्यांनी पाठीवर घेऊन आणला, असे सांगतात. त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. प्लेगवर तेव्हा ना पाला चालत होता, ना गोळी. चालत होता तो स्पर्श. आपल्या वैद्यकाच्या इतिहासात ही नोंद पहिल्या पानावर हवी.

आणि पाणी! पटकी, हगवण, नारू, विषमज्वर हे सगळे पाण्याचे आजार. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तो मानवी हक्काचा लढा होता. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातही त्याची नोंद व्हायला हवी. स्वच्छ पाणवठा ज्याला बंद, त्याच्या वाट्याला डबके आणि डबक्यातले जंतू.

आमच्या शेजारच्या जामखेड तालुक्यात १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका केले. त्यांत निरक्षर होत्या, दलित होत्या. याच बायका मिठासाखरेचे पाणी कसे द्यावे, जखम कशी धुवावी, महारोगाचा चट्टा कसा ओळखावा हे गावाला शिकवू लागल्या. हातपंप दलित वस्तीत बसवण्याचा आग्रह धरला गेला. मग पाण्यासाठी सगळ्या गावाला तेथे यावे लागले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या प्रयोगाचा अर्थ सरळ आहे. व्यवस्थेने जिला ज्ञानाबाहेर ठेवले, तिच्या हाती ज्ञान दिले की जंतू मागे हटतो.

५

आता आजचा प्रश्न. १९९५ साली हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत पेटंट दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. निंबाच्या बुरशीनाशक तेलावरचे युरोपातले पेटंट २००० साली रद्द झाले. त्यावरचे अपील २००५ साली फेटाळले गेले. आपण आनंद मानला, तो रास्त होता. पण हळदीच्या खटल्यात चालला तो पुरावा लिखित होता. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात परदेशातला तोंडी वापर पुरावा म्हणून धरला जात नव्हता, छापील हवा. म्हणजे ज्याला हजारो वर्षे अक्षराला शिवू दिले नाही, त्याचे ज्ञान कायद्यापुढे अस्तित्वातच नव्हते.

हा दोष परदेशी कायद्यापुरता नाही. आपल्याकडे २००२ साली जैवविविधता कायदा झाला. वनस्पतींपासून होणाऱ्या नफ्यातला वाटा ते ज्ञान जपणाऱ्या लोकांना मिळावा, हे त्याचे तत्त्व. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोक-नोंदवही असावी, ही त्याची यंत्रणा. २०२३ साली त्यात दुरुस्ती झाली आणि ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाचा वापर करणाऱ्यांना या वाटणीतून सूट मिळाली. ग्रंथात आहे ते सर्वांचे, असा त्यामागचा युक्तिवाद. पण ग्रंथात ते कोठून आले? सुश्रुताचा छत्तिसावा अध्याय सांगतो: गुराख्याकडून, व्याधाकडून, वनचराकडून. दुसरा अध्याय त्यांना औषध नाकारतो आणि आजचा कायदा त्यांना वाटा नाकारतो. मधला काळ दीड-दोन हजार वर्षांचा असेल. न्याय तोच आहे.

म्हणून काही कामे आपणच हाती घ्यायला हवीत. आठवडे बाजारात मुळ्या मांडून बसणारा वैदू, पाल ठोकून राहणारा पारधी, अकोल्याच्या डोंगरातला ठाकर आणि महादेव कोळी, वस्तीतली म्हातारी सुईण यांना जे ठाऊक आहे ते त्यांच्या नावानिशी, गावानिशी लोक-नोंदवहीत लिहिले गेले पाहिजे. नोंदवही धूळ खात पडली असेल तर ग्रामसभेत मागितली पाहिजे. आपल्या कॉलेजातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने एकदांडीचा अर्क बशीत ठेवून जंतूवर तपासावा. चालला तर चालला म्हणून लिहावे, नाही चालला तर तेही लिहावे. आणि वस्तीत क्षय, कावीळ, धनुर्वात, साप चावणे असे काही झाले, तर पाल्याच्या नादाला न लागता रोग्याला दवाखान्यात नेण्याचा आग्रह धरावा; तेथे हयगय झाली तर ती लेखी विचारावी.

झाडाने आपले औषध कोणासाठी राखून ठेवलेले नाही. ज्याने ते ओळखले त्याचे नाव आणि ज्याला त्याची गरज आहे त्याच्यापर्यंतची वाट, या दोन्ही गोष्टी माणसांनी अडवल्या. त्या मोकळ्या करण्याचे काम व्याधाच्या, सुइणीच्या आणि खुरपणारणीच्या लेकरांनीच करायचे आहे. आता त्यांच्या हाती लेखणी आहे आणि सूक्ष्मदर्शकही.